गाडीत सॉफ्टवेअर टाकताय? आधी बॅटरी सांभाळा, नाहीतर मॉड्यूलचा खर्च अंगावर येईल

लालबाग (मुंबई) : गणपतीला गावी निघायच्या आधी गिरगाव, लालबाग, परळ, दादरमधले चाकरमानी गाडीचं काम काढतात. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असतो. मेकॅनिक स्कॅनर लावतो आणि कधी कधी सांगतो, ‘सॉफ्टवेअर नवीन टाकावं लागेल.’ अशा वेळी पहिला प्रश्न बॅटरीचा विचारावा.

नेमकं काय होतं?

स्कॅनिंग आणि प्रोग्रामिंग इंजिन बंद ठेवून, इग्निशन ऑन करून होतं. म्हणजे अल्टरनेटर काही देत नाही, सगळा भार बॅटरीवर. छोट्या गाडीला साधारण ३५ ते ४५ अँपिअर-तासाची बॅटरी असते. गाडी २० अँपिअर ओढत राहिली तर तासाभरात ती जवळपास निम्मी रिकामी होते. जुनं सॉफ्टवेअर पुसून नवीन लिहिलं जात असताना व्होल्टेज पडला तर काम अर्धवट राहतं. मग ईसीएम प्रतिसाद देत नाही, गाडी सुरू होत नाही. काही मॉड्यूल पुन्हा प्रयत्न करून वाचतात, काही बदलावेच लागतात.

मुंबईच्या गाड्यांना धोका जास्त का?

चाळीखाली, रस्त्याकडेला गाडी आठवडाभर उभी. चालली तरी परळ ते दादर. एवढ्या अंतरात बॅटरी पुरती भरत नाही. स्टार्टर फिरला म्हणजे बॅटरी चांगली, असं समजू नये.

काम सुरू करण्याआधी

- गाडी काही तास उभी असताना मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. लोड टेस्टला बसणारी बॅटरी आधी बदला.
- प्रोग्रामिंगसाठीचा स्थिर व्होल्टेजचा बॅटरी सपोर्ट लावा. तो साधारण १३.५ व्होल्ट धरून ठेवतो. किती अँपिअरचा हवा, ते गाडीच्या कंपनीच्या सूचनेत पाहावं.
- साधा चार्जर चालत नाही. त्याचा व्होल्टेज वरखाली होतो. गाडी स्टार्ट करायचा बूस्टर किंवा दुसऱ्या चालू गाडीची केबल हाही उपाय नाही.
- निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असेल तर काळा चिमटा बॉडीच्या अर्थिंगला लावा.
- एसी, पंखा, दिवे, टेप बंद. दारं उघडझाक नको. लॅपटॉप स्वतःच्या चार्जरवर ठेवा.

काम चालू असताना इग्निशन बंद करू नये, स्कॅनरची वायर हलवू नये. मध्येच अडकलं तर घाबरून बॅटरीचं टर्मिनल काढू नका. सपोर्ट चालू ठेवून स्कॅनरवर येईल त्या सूचनेप्रमाणे पुन्हा प्रयत्न करावा.

विजेचं काय?

गिरगाव ते दादर भागात वीज बेस्टची. पण रस्त्यावरच्या गाडीपर्यंत चाळीतून एक्स्टेन्शन ओढावं लागतं. पावसात उघड्यावर हे करू नये, कोरड्या गॅरेजमध्ये जावं. वायर जाड हवी, प्लग सैल नको, कुणाचा पाय अडकणार नाही अशी टाकावी.

तालुक्याच्या गावी भारनियमनाची वेळ बघूनच काम धरावं. लाईट गेली की सपोर्ट बंद पडतो आणि भार परत बॅटरीवर येतो. म्हणून सपोर्ट असला तरी गाडीची बॅटरी भरलेलीच हवी.

शेतकऱ्यांनीही लक्षात ठेवावं

जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना कडक प्रदूषण नियम लागू झाले. त्यामुळे त्यांच्या इंजिनातही इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आलं आहे. ट्रॅक्टरला लॅपटॉप जोडला जाईल तेव्हा हाच नियम.

मेकॅनिकला तीनच गोष्टी विचारा : बॅटरी किती व्होल्ट दाखवते? सपोर्ट किती अँपिअरचा आहे? मॉड्यूल गेलं तर खर्च कुणाचा? उत्तर नीट मिळालं नाही तर गाडी त्या दिवशी तशीच परत आणा.