गावाची रोवणी एकाच सुमारास का?
भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत भाताला धान म्हणतात, लावणीला रोवणी. शेतकरी बहुतेक अल्पभूधारक. अनेक गावांत भिस्त मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले असे साडेसहा हजारांवर तलाव या पट्ट्यात आहेत.

पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. म्हणून चिखलणी, रोवणी गावाने सोबतच धरायची. एकाचं धान मागे राहिलं की शेवटचं पाणी हुकतं, दाणा भरत नाही. तुडतुड्यालाही जास्त दिवस खायला मिळतं. पऱ्हे जून झाले तर फुटवे कमी.

1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पुढे कित्येक गाळाने भरले. तलाव उथळ झाला की पहिला फटका शेवटच्या बांधीला, म्हणजे त्या घरच्या वर्षभराच्या तांदळाला.