थैलीची दोरी कोणाच्या हाती?

कॅनडाच्या संसदेने १८७६ साली 'इंडियन ॲक्ट' नावाचा कायदा केला. त्यात एक कलम असे होते की, जो इंडियन विद्यापीठाची पदवी घेईल, वकील होईल किंवा धर्मोपदेशक होईल, तो आपोआप 'मुक्त' होईल. मुक्त होईल म्हणजे काय, तर कायद्याच्या लेखी तो इंडियन उरणार नाही. आपल्या माणसांच्या जमिनीवर, त्यांच्या पंचायतीत त्याचे स्थान संपेल. १८८० साली ही सक्ती गेली, पण त्यामागचा विचार गेला नाही.

माझ्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे कलम वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. पदवी हाती पडताच आईबाप परके आणि वस्ती परकी! आपल्याकडे असा कायदा नव्हता. पण शिकलेल्याने वस्ती विसरावी, आडनाव झाकावे, ही अपेक्षा काय वेगळी होती? म्हणून त्या दूरदेशीच्या मूळ रहिवाशांचा इतिहास मला परका वाटत नाही.

गोरे लोक आले तेव्हा हे रहिवासी विखुरलेल्या टोळ्या नव्हते, ती राष्ट्रे होती. त्यांचे आपसांत तह होत, युरोपीय सत्तांनीही त्यांच्याशी तह केले. हॉडेनोशोनी ह्या सहा राष्ट्रांच्या संघात तर कुळांच्या ज्येष्ठ स्त्रिया नायक निवडत आणि चुकला तर पायउतारही करत. इंडियन ॲक्टने हे सारे मोडीत काढले. राष्ट्रांचे तुकडे करून त्यांना 'बँड' हे नाव दिले. बँड म्हणजे टोळी. माणसांना आधी टोळी म्हणायचे आणि मग टोळीला कसले स्वराज्य, असे विचारायचे! ही युक्ती आपल्या ओळखीची आहे.

ओंटारिओत ग्रँड नदीकाठी ह्या संघाचे लोक राहतात. त्यांचा एक नायक डेस्काहे १९२३ साली जिनिव्हाला गेला आणि राष्ट्रसंघापुढे दाद मागू लागला. त्याला दाद मिळाली नाही. उलट १९२४ साली सरकारने तिथली परंपरागत सभा बरखास्त करून आपल्या नमुन्याची निवडणूक लादली. ज्यांत करार गुंफलेले होते ते शंखमण्यांचे पट्टेही पोलिसांनी नेले.

आता पैशाकडे वळू. कारण सत्ता मोडणे आणि थैली हिसकावणे ही दोन कामे नेहमी जोडीने होतात.

ह्याच ग्रँड नदीकाठच्या लोकांचा विश्वस्त निधी सरकारच्या ताब्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यातली मोठी रक्कम त्यांना न विचारता एका जलवाहतूक कंपनीत घातली गेली. कंपनी बुडाली आणि पैसाही बुडाला. पुढे ब्रिटिश कोलंबियातील जमाती आपल्या जमिनीचा दावा घेऊन कोर्टात जाऊ पाहत होत्या. तेव्हा १९२७ साली कायद्यात १४१ वे कलम आले. सरकारच्या परवानगीशिवाय जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी गोळा करणे हा गुन्हा ठरला. शिक्षा होती दंड किंवा दोन महिन्यांपर्यंत कैद. स्वतःच्या जमिनीसाठी आपसांत पैसे जमवले म्हणून कैद! हे कलम १९५१ साली उठले.

ते उठल्यावर वाट मोकळी झाली काय? निस्गा लोकांचे नायक १८८७ सालीच जमिनीचा प्रश्न घेऊन व्हिक्टोरियाला गेले होते. त्यांना हात हलवत परत यावे लागले. त्यांचा नेता फ्रँक कॅल्डर ह्याच्या नावाने चाललेल्या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपैकी सहांनी मान्य केले की, मूळ रहिवाशांचा जमिनीवर हक्क होता. तो हक्क अजून टिकून आहे की नाही, ह्यावर मात्र तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली. तरीही सरकारला बोलणी करणे भाग पडले. निस्गांचा करार अमलात यायला २००० साल उजाडले. पण अशा बोलण्यांचा खर्च, म्हणजे वकील, नकाशे, प्रवास, कुणी करायचा? सरकारने कर्ज दिले. ज्याने घर घेतले त्याच्याकडूनच उसने घेऊन घर परत मागायचे! बोलणी दशकानुदशके लांबली आणि कर्ज वाढत गेले. अखेर २०१८ साली कर्जाऐवजी अनुदान देण्याचे ठरले आणि २०१९ च्या अर्थसंकल्पात ही कर्जे माफ करण्यासाठी व फेडलेली परत देण्यासाठी १४० कोटी डॉलरची तरतूद झाली. तिला नाव मिळाले कर्जमाफी. माफी कोणी कोणाला करायची, हा प्रश्न तसाच राहिला.

१९९६ साली एका शाही आयोगाने सांगितले की, स्वराज्याचा हक्क एकेका वस्तीचा नाही, राष्ट्राचा आहे. सुमारे हजार वस्त्या मिळून ६० ते ८० राष्ट्रे होतात. ती पुन्हा उभी राहण्यास सरकारने साह्य करावे. त्याच वर्षी सरकारने ह्या लोकांवरील खर्चाची वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर बांधली आणि ती गाठ सुमारे दोन दशके राहिली. राष्ट्रउभारणीसाठी वेगळा निधी आला तो २०१८ च्या अर्थसंकल्पात: पाच वर्षांसाठी सुमारे १० कोटी डॉलर.

हा निधी घेऊ नये असे मी म्हणणार नाही. संविधान लिहायला, भाषा जाणणाऱ्या वृद्धांना एकत्र बसवायला, तुटलेल्या वस्त्यांना एका सभेत आणायला पैसा लागतो. उपाशीपोटी स्वाभिमानाची भाषणे ठोकणे सोपे नाही, आणि ती दुसऱ्याला ऐकवणे तर निलाजरेपणाचे आहे. पण पैसा कोणत्या रीतीने येतो हे पाहिलेच पाहिजे. २००२ साली कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की, एका वस्तीला चार सरकारी खात्यांकडे वर्षाकाठी किमान १६८ अहवाल पाठवावे लागतात. त्यांतल्या कित्येक वस्त्या पाचशे माणसांच्याही नव्हत्या. ज्या नायकाचा अर्धा वेळ राजधानीला हिशेब देण्यात जातो, तो आपल्या माणसांना हिशेब कधी देणार? स्वराज्याची कसोटी इथे आहे. रक्कम किती हा प्रश्न दुय्यम आहे; हिशेब कोणाला द्यायचा हा खरा प्रश्न आहे. २०१२ साली सरकारने त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांच्या अनुदानाला कात्री लावली, तेव्हा दिलेला पैसा केव्हाही काढून घेता येतो हे पुन्हा सिद्ध झाले.

शिष्यवृत्तीच्या कागदावर सही मिळावी म्हणून मी एका कचेरीच्या पायऱ्या महिनोन् महिने झिजवल्या. तिथला कारकून पैसे जणू आपल्या खिशातून देत असल्यासारखा बोलत असे. रक्कम हक्काची होती, पण त्याने ती भीक करून टाकली होती. कॅनडातले मूळ रहिवासी आज जे मागत आहेत ते दान नाही. ज्यांची जमीन, सभा आणि थैली तिन्ही हिरावली, त्यांना परत केला जाणारा पैसा ही थकबाकी आहे. थकबाकी देणाऱ्याने उपकाराची भाषा बोलू नये. आणि घेणाऱ्याने मान खाली घालण्याचे तर काहीच कारण नाही.