पोलादी नळाला दार कापायचे कशाने? #थ्रेड

१/ अमेरिकेतील टेक्सास राज्यात अनेक घरांच्या परसात एक जाडजूड पोलादी नळ आडवा बसवलेला दिसतो. एका टोकाला अग्निपेटी, दुसऱ्या टोकाला धुराडे आणि मधोमध मांस ठेवण्यासाठी दार. हाच बार्बेक्यू स्मोकर. हौशी माणसे तो घरीच तयार करतात आणि पहिल्याच दिवशी अडतात : दार कापायचे कशाने?

२/ धुरावर मांस शिजवण्याची रीत तेथे जुनीच. शेतांवर जमिनीत खणलेले चर असत, तर जर्मन व चेक खाटिकांच्या दुकानांत विटांच्या भट्ट्या. १० जानेवारी १९०१ रोजी बोमाँटजवळ स्पिंडलटॉप येथे तेलाचा फवारा उसळला आणि टेक्सासमध्ये पोलादी नळांचे युग सुरू झाले. पुढे तेलक्षेत्रातील वेल्डरांनी उरल्यासुरल्या नळांच्या भट्ट्या केल्या. भट्टीला चाके लागली ती तेव्हा.

३/ आता अडचण पाहा. नळ दोन फूट व्यासाचा, पाव इंच जाडीचा. हॅक्सॉची करवत धातूत काठावरूनच शिरू शकते, आणि तिची चौकट आडवी येते. नळाच्या मध्यभागी चौकोनी खिडकी पाडणे तिच्या आवाक्याबाहेरचे. श्रमांचा प्रश्न तर त्यानंतरचा.

४/ वाट सापडली ती ज्वालेतून. १८९२ मध्ये टॉमस विल्सन ॲल्युमिनियमच्या शोधात होता, हाती लागले कॅल्शियम कार्बाइड. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो. १८९५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातलिए याने दाखवले की ऑक्सिजनसह ॲसिटिलीन जाळल्यास ज्वालेचे तापमान ३,००० अंश सेल्सियसच्या वर जाते. १९०३ च्या सुमारास फूशे व पिकार यांनी या ज्वालेसाठी कामास येणारी टॉर्च घडवली.

५/ एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. गॅस कटर पोलाद वितळवून कापत नाही, तो पोलाद जाळतो. ज्वालेने धातू लालभडक होतो (सुमारे ९०० अंश), मग शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला की लोखंड स्वतःच इंधन बनते. तयार होणारे लोह-ऑक्साइड पोलादापेक्षा कमी तापमानाला वितळते, म्हणून झोत ते उडवून देतो. स्टेनलेस स्टीलवर मात्र क्रोमियम ऑक्साइडचा चिवट थर बसतो आणि हा कटर हात टेकतो.

६/ या ज्वालेचे सामर्थ्य जगाने हवानाच्या बंदरात पाहिले. १८९८ मध्ये बुडालेल्या ‘मेन’ या अमेरिकी युद्धनौकेचे वेडेवाकडे पोलाद १९११ मध्ये अशाच टॉर्चनी कापून काढले गेले.

७/ दुसरी वाट घर्षणाची. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसनला कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, सापडले आणि कृत्रिम अपघर्षकांचा काळ आला. १९५४ मध्ये जर्मनीतील ‘फ्लेक्स’ कंपनीने वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला. तो इतका रुळला की जर्मन भाषेत ग्राइंडरने कापण्याला ‘फ्लेक्सन’ हे क्रियापदच मिळाले. सिलिंडर नको, ज्वाला नको. विजेची जोडणी पुरे.

८/ तिसरी वाट प्लाझ्माची. ‘युनियन कार्बाइड’च्या रॉबर्ट गेज याला १९५७ मध्ये पेटंट मिळाले. बारीक तोंडातून दाबून काढलेला विद्युतचाप वायूला इतका तापवतो की ॲल्युमिनियम आणि स्टेनलेससुद्धा कापले जातात. घरगुती कार्यशाळेत मात्र तो फार उशिरा पोहोचला.

९/ यांतून निवड कशी करावी? कसोटी दाराचीच. कापलेला तुकडाच पुढे दार होतो, म्हणून कापाची रुंदी ही दाराची फट ठरते. गॅस कटरची फट दोन-तीन मिलिमीटर, ग्राइंडरच्या पातळ चकतीची एक-दीड. फटीतून हवा शिरली की आगीवरचा ताबा सुटतो, आणि ११०-१२० अंशांवर दहा-बारा तास शिजायचे मांस करपते. सरळ कापांसाठी ग्राइंडरच उत्तम; धुराड्याच्या गोल भोकासाठी मात्र टॉर्च किंवा प्लाझ्मा हवा, कारण चकतीला वळता येत नाही.

१०/ अनुभवी वेल्डर चारही बाजू एकदम कापत नाहीत. नळ घडवताना त्यात ताण कोंडलेला असतो; तुकडा सुटताच तो उसळी घेतो आणि पुन्हा जागी बसत नाही. म्हणून आधी बिजागरीची बाजू कापायची, बिजागऱ्या जोडायच्या, उरलेल्या तीन बाजू नंतर.

११/ आणि नळाऐवजी प्रोपेनची जुनी टाकी मिळाली असेल, तर कोणतेही अवजार उचलण्याआधी तिची झडप काढून ती काठोकाठ पाण्याने भरतात. रिकामी भासणाऱ्या टाकीतही वायू उरलेला असतो, आणि ग्राइंडरची एक ठिणगी त्याला पुरते.