समुद्रविज्ञान : पदवी आणि परिभाषा

समुद्रविज्ञान पहिल्या पदवीचा विषय म्हणून उशिरा मान्यता पावले, याचे कारण त्याच्या घडणीतच आहे. १८७२ ते १८७६ या काळातील ‘चॅलेंजर’ नौकेच्या सफरीत रसायनज्ञ होते, प्राणिशास्त्रज्ञ होते; समुद्रविज्ञानाची पदवी घेतलेला मात्र कोणीच नव्हता. १९१९ साली लिव्हरपूल विद्यापीठात या विषयाचे अध्यासन ज्यांच्या देणगीतून निर्माण झाले, ते विल्यम हर्डमन मुळात प्राणिशास्त्रज्ञच होत. आधी एखादे मूलशास्त्र, मग समुद्र, हा क्रम यातून रूढ झाला.

आपल्याकडेही १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही संशोधनासाठीच होती. पदवीचे दार उघडले ते मत्स्यशास्त्राच्या बाजूने : १९६९ साली मंगळूर येथे, १९८१ साली रत्नागिरीस. जिज्ञासेपेक्षा उपजीविकेची निकड येथे अधिक प्रभावी ठरली, असे म्हणावे लागते.

परंतु त्या उपजीविकेची भाषा वर्गात आली काय? अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेत येऊन भरती प्रबळ होते, ते ‘उधाण’. अष्टमीच्या सुमारास ती ओढ परस्परांस छेद देते व भरती मंदावते, तो ‘भांग’. कोकणातील कोळ्यास हा भेद तिथीवरून कळतो; त्याचा मुलगा मात्र तो परभाषेतील संज्ञेने पाठ करतो. नव्या परिभाषेची जुळणी करण्यापूर्वी किनाऱ्यावरचे हे शब्दधन टिपून घेणे, हे भाषाभ्यासकांचेही कर्तव्य होय.