वाचून घ्यायचं ना!

मागच्या खरिपातली गोष्ट. काकांनी कपाशीवर मारायला औषध आणलं. आमच्याकडे कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही, औषधच म्हणतात. हिरवं खोकं, त्यावर फुटलेलं बोंड, वर आडवी लाल पट्टी. चार वर्षं काका तेच वापरत होते. दोन फवारण्या झाल्या तरी अळी हलेना. मग मुलगा सुट्टीला आला, त्यानं खोकं हातात घेतलं आणि म्हणाला, "आबा, हे ते न्हाईच." नावात एका अक्षराचा फरक. कंपनी वेगळी, गाव वेगळं. बाकी हिरवा तोच, बोंड तेच, पट्टी तीच.

मी काकांसोबत दुकानात गेलो. दुकानदार माझ्या ओळखीचा. त्यानं खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि काकांना म्हणाला, "वाचून घ्यायचं ना!"

काका चौथी शिकलेले. मराठी वाचतात, सावकाश. खोक्यावर मोठ्या अक्षरात होतं ते सगळं इंग्रजी. काका काही बोलले नाहीत, खाली मान घालून बाहेर आले. चूक आपलीच, असं त्यांना मनापासून वाटलं. ते मान खाली घालणं माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मुळात आपल्याकडे माल वाचून घेण्याची पद्धत होती कधी? ब्रँड हा शब्द अगदी अलीकडचा. आपला शब्द छाप. घोडा छाप, उंट छाप, माकड छाप. आजी दुकानात पाठवायची तेव्हा कंपनीचं नाव सांगायची नाही. "लाल साबण आण", "पिवळी पावडर आण", "माकडवाली काळी पूड आण" म्हणायची. दुकानदारालाही बरोबर कळायचं.

हे काही अडाणीपणातून आलेलं नाही. व्यापार करणाऱ्यांनीच आपल्याला तशी सवय लावली. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचं कापड मुंबई बंदरात उतरायचं, तेव्हा कापडावर झकास रंगीत चित्रं चिकटवलेली असायची. देव, देवी, हत्ती, वाघ, राजे, नटलेल्या बायका. इंग्रज व्यापारी त्या चित्राला तिकीट म्हणत. कापड विणणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं नाव परक्या लिपीत, ते कोण वाचणार? पण हत्तीवाला माल टिकला, की पुढच्या वेळी गिऱ्हाईक हत्तीच मागणार. बाजाराचा कल ओळखणं म्हणतात ते हेच. त्यासाठी प्रश्नावली घेऊन कुणी दारोदार फिरलं नाही. कुठल्या पेठेत कुठलं चित्र चालतं हे दलालांना आणि अडत्यांना पाठ असायचं.

आपला राजा रविवर्माही याच गल्लीत येऊन पोचतो. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. देवादिकांच्या तसबिरींसोबत तिथं मालाची लेबलंही छापली जाऊ लागली. म्हणजे एकाच दगडावरून देव्हाऱ्यातली लक्ष्मीही निघत होती आणि मालावरचं लेबलही. मला तरी यात काही वावगं वाटत नाही. डोळ्याला ओळख पटली की विश्वास बसतो, एवढं छापणाऱ्यांना कळलं होतं.

आता जिथं छाप आली, तिथं नक्कल आलीच. १८८९ साली खोट्या मार्क्यांविरुद्ध कायदा झाला, पण आपला मार्का सरकारदरबारी नोंदवून ठेवायची सोय मात्र १९४० च्या ट्रेडमार्क कायद्यानं आली. त्यानंतर १९५८ चा कायदा आणि आता लागू आहे तो १९९९ चा, अंमल २००३ पासून. एक गंमत सांगतो. आजच्या कायद्यात 'मार्क' म्हणजे काय काय, याची यादी आहे. तिच्यात नाव, सही, शब्द, अक्षर, आकडा, लेबल यांच्या रांगेत 'तिकीट' हाही शब्द आहे. मँचेस्टरच्या कापडावरचं ते तिकीट आजही आपल्या कायद्यात बसून आहे. नव्या कायद्यानं त्या यादीत वस्तूचा आकार, वेष्टन आणि रंगांची जुळणीही घातली.

पण काकांची गोष्ट ज्यामुळे मला नव्यानं उमगली, तो खटला बिस्किटाचा.

विलेपार्ल्यात १९२९ साली चौहान कुटुंबानं कारखाना काढला. आधी गोळ्या-पेपरमिंट, दहाएक वर्षांनी बिस्किटं. त्यांचं ग्लुको बिस्किट घराघरात पोचलं. पुड्यावर त्या वेळी आजची ती गोबऱ्या गालांची पोर नव्हती. (ती पोर म्हणजे अमक्या बाई, असे मेसेज दर सहा महिन्यांनी फिरतात. कंपनीनं सांगितलंय की ते कुणाचं छायाचित्र नाही, एव्हरेस्ट या जाहिरात कंपनीतले चित्रकार मगनलाल दैया यांनी साठच्या दशकात काढलेलं चित्र आहे. कृपया फॉरवर्ड करणं थांबवा.) खटल्यातल्या पुड्यावर होतं शेतघर, झाडं, मधे बादली घेतलेली मुलगी, आजूबाजूला गाई आणि कोंबड्या.

म्हैसूरच्या एका कंपनीनं ग्लुकोज बिस्किट काढलं. पुडा जवळपास तेवढाच, रंग जवळपास तेच. चित्रात मुलगी, तिच्या डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा, जवळ गाय, पुढे कोंबड्या, मागे शेतघर. पार्लेवाले कोर्टात गेले आणि खालच्या कोर्टात हरले. हायकोर्टातही हरले. का हरले हे बघण्यासारखं आहे. दोन्ही पुडे टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले गेले आणि फरक मोजले गेले. हिच्या हातात बादली, तिच्या हातात विळा. इथं गाई अमुक, तिथं तमुक. एवढे फरक असताना फसवणूक कसली? सोप्या मराठीत सांगायचं तर वाचून घ्यायचं ना, बघून घ्यायचं ना!

जानेवारी १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं उलटं केलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की दोन पुडे शेजारी ठेवून फरक शोधायचेच नसतात. गिऱ्हाईक तसं खरेदी करत नाही. त्यानं एक पुडा आज पाहिला आणि दुसरा काही दिवसांनी पाहिला, तर तोच समजून घेईल का, एवढंच बघायचं. मुलगी, गाय, कोंबड्या, शेतघर, तीच ठेवण, तेच रंग. घेईलच की. आणि पुढे न्यायमूर्तींनी चक्क शेरलॉक होम्सला बोलावलं. साध्या गिऱ्हाइकाकडे काही होम्सची नजर नसते, असं निकालात लिहिलंय. पार्ले जिंकलं.

१९७१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता होती ३४.४५ टक्के. म्हणजे शंभरातल्या पासष्ट माणसांसाठी पुड्यावर अक्षरं नव्हतीच, फक्त गाय होती.

त्याआधी दहा वर्षं, १९६२ मध्ये, याच न्यायालयासमोर 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' आल्या होत्या. दोन्ही पोटदुखी-डोकेदुखीवरची औषधं. हायकोर्ट म्हणालं होतं, हिंदुस्थानी माणसाला अमृत आणि लक्ष्मण यातला फरक कळतो. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, औषध घ्यायला आलेला खेडूत नावाची फोड करून अर्थ लावत बसत नाही. त्याला नाव अर्धवट आठवत असतं आणि तेवढ्यावरच तो मागतो. (लक्ष्मणधारा तरीही उत्तर प्रदेशापुरती टिकली, कारण अमृतधारावाल्यांनी बरीच वर्षं हरकतच घेतली नव्हती. कोर्टात झोपलेल्याला कुणी उठवत नाही.) २००१ मध्ये मलेरियाच्या औषधांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढं गेलं. औषधाच्या बाबतीत तर जास्तच काटेकोर राहा, कारण इथं चूक म्हणजे जिवाशी खेळ.

थोडं विषयांतर करतो, पण फार लांब जात नाही. निरक्षर माणूस चित्र ओळखतो हे आपल्या राज्यव्यवस्थेनं पहिल्या निवडणुकीपासून मान्य केलंय. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या थोडी वर, म्हणून मतपेट्यांवर चिन्हं आली. ग्लुकोच्या निकालाच्या दोन-अडीच महिने आधी, नोव्हेंबर १९७१ मध्ये, याच न्यायालयानं काँग्रेसच्या बैलजोडीचा वाद निकाली काढला होता. खरी काँग्रेस कुठली? म्हणजेच बैलजोडी कुणाची? आणि आपल्याकडचं ताजं उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल. २०२४ च्या लोकसभेला एका पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि अपक्षांना मिळालेलं ट्रम्पेट, ज्याचं मराठी नाव यादीत आलं तुतारी. साताऱ्यात निकालाचं अंतर ३२ हजारांच्या थोडं वर आणि त्या तुतारीवाल्या अपक्षाला मतं ३७ हजारांच्या आसपास. यातली किती मतं चुकून गेली हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण तेव्हा टीव्हीवर बसून 'मतदारांनी वाचायला नको का' म्हणणारे होतेच. माझ्या दुकानदाराचेच भाऊबंद.

बरं, पुढे ग्लुकोचं काय झालं? पार्लेनं चित्र वाचवलं, पण शब्द हातचा गेला. ग्लुकोज हा शब्द कुणाच्या बापाचा नाही, तो पदार्थाचं वर्णन करणारा शब्द आहे. जो तो ग्लुकोज बिस्किट काढू लागला. ब्रिटानियानं तर आपल्या ग्लुकोज-डीसाठी थेट गब्बरसिंगच्या वेशात अमजद खानला आणलं. दुकानात माणूस नुसतं 'ग्लुकोज बिस्किट' मागायचा आणि दुकानदार ज्यात सुटतं जास्त तो पुडा पुढे करायचा. शेवटी ऐंशीच्या दशकात नाव बदलून पार्ले-जी झालं. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मेणकागदावरची ती पोर कोपऱ्यावरच्या टपरीत लांबूनही ओळखू यायची. माझ्या पिढीनं अक्षर ओळखायच्या आधी ती पोर ओळखली.

आता परत काकांकडे.

कीटकनाशकाच्या डब्यावर कर्ण उभा केलेला एक चौकोन असतो, पतंगासारखा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. लालमध्ये कवटी आणि हाडं. १९७१ च्या नियमांपासून हे सक्तीचं आहे. म्हणजे शेतकरी वाचत नाही, बघतो, हे सरकारला पन्नास वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात तर दुसऱ्या औषधाची नक्कल असलेलं औषध 'मिसब्रँडेड' ठरतं, मग आतला माल कसाही असो. सगळं कागदावर आहे.

मग मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलो. पहिला प्रश्न, पक्की पावती आहे का? काकांकडे दुकानाच्या वहीच्या पानावर पेनानं लिहिलेला आकडा होता. दुसरा प्रश्न, सीलबंद नमुना आहे का? दोन्ही बाटल्या रानात संपलेल्या. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, दुकानातून नमुना घेतो. घेतला की नाही माहीत नाही, पण आठवड्यानं त्या दुकानाच्या फळीवर ती हिरवी खोकी नव्हती.

ज्या कंपनीच्या मालाची नक्कल झाली तिलाही फोन केला. त्यांच्या माणसानं फोटो मागवले, आभार मानले, कायद्याचं खातं बघेल म्हणाला. बघेलही. ट्रेडमार्कच्या गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो, फक्त आधी ट्रेडमार्क निबंधकाचं मत घ्यावं लागतं. पण इथंच माझी अडचण आहे. ती छाप कंपनीची मालमत्ता. खटला उभा राहिला तर बुडालेला धंदा कंपनीचा मोजला जाणार. शेरलॉक होम्सची नजर नसलेला जो माणूस निकालाच्या मधोमध उभा आहे, ज्याच्या डोळ्यांनी न्यायालय पुडा बघतं, तो स्वतः त्या खटल्यात कुणीच नसतो. त्याच्या दोन फवारण्या आणि गेलेली बोंडं कुठल्याच रकान्यात येत नाहीत. त्यानं ग्राहक आयोगाकडं वेगळी तक्रार करायची, १९१५ या हेल्पलाइनला फोन करायचा, आणि त्यासाठी पुन्हा पावती.

मी काकांना बिस्किटाचा निकाल सांगितला, बादली, विळा, गाय, सगळं. म्हटलं, "काका, देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट म्हणतंय, चूक तुमची नाही." काका हसले. म्हणाले, "मग त्या दुकानदाराला सांग की."

सांगितलं. तो म्हणाला, भाऊ, मार्जिन किती आहे त्यात, तुम्हाला काय माहिती.

यंदा काका औषधाला जाताना मागच्या वर्षीचं खरं खोकं पिशवीत घालून नेतात. काउंटरवर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवतात, बोट ठेवून एकेक अक्षर जुळवतात आणि मग पक्की पावती मागतात. मागं रांग लागलेली असते, लोक कुरकुरतात. काका म्हणतात, "थांबा की जरा. वाचून घिऊ द्या."