देहांतर आणि परतीची वाट

इ. स. 2001 च्या मे महिन्यात गाझियाबादकडून एका विलक्षण प्राण्याची वार्ता उठली आणि काही दिवसांतच ती पूर्व दिल्ली व नोएडापर्यंत पसरली. उन्हाळ्याच्या रात्री, वीज गेलेली असताना, गच्चीवर निजलेल्या माणसांवर हा ‘काला बंदर’ झडप घालतो, असे सांगितले जाऊ लागले. कोणी त्याचे डोळे लाल सांगितले, कोणी पंजे लोखंडी. त्याच्या छातीवर तीन बटणे असून एकाने तो रूप पालटतो, दुसऱ्याने त्याचे बळ वाढते आणि तिसऱ्याने तो अदृश्य होतो, अशीही एक हकीकत होती. पोलिसांनी रेखाचित्रे प्रसिद्ध केली. परंतु प्राणी सापडला नाही. जमावाच्या भ्रमाचे उदाहरण म्हणून या प्रकरणाची नोंद झाली. तथापि, रूपांतराच्या कथांच्या इतिहासात त्याचे स्थान कोणते, हा प्रश्न उरतोच.

युरोपातील वृकमानवाच्या कथांत मानवी जग आणि अमानवी जग यांच्यामधला उंबरठा बहुधा एखाद्या वस्तूने ओलांडला जातो. 1589 मध्ये जर्मनीत देहदंड झालेल्या पीटर स्टुबच्या कबुलीजबाबात ती वस्तू म्हणजे सैतानाने दिलेला पट्टा होता. हिंदुस्थानातील कथांत पट्ट्याची जागा मुळी घेते. विल्यम स्लीमन 1835-36 मध्ये जबलपूरकडून दिल्लीमार्गे मेरठकडे गेला. त्याच्या 1844 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात मैहरच्या राजाने सांगितलेली एक कथा आहे. एक परीट दोन मुळ्या आणतो. एक खाऊन तो वाघ होणार, आणि दुसरी बायकोने त्याच्या तोंडात घालताच पुन्हा माणूस. पण वाघ पाहताच ती भयाने मुळी हातात घेऊनच पळते; परीट रानातच राहतो आणि अखेर मारला जातो. त्याच ग्रंथात सागर प्रांतातील देवरीचे रामचंद्रराव भेटतात. लोक त्यांना ‘सरीमंत’ म्हणत. मराठ्यांचे ‘श्रीमंत’ हे बिरुद त्यात सहज ओळखू येते. वाघाने मारलेल्या माणसाचे भूत त्याच वाघाच्या डोक्यावर बसून त्याला संकटांतून वाचवते, असे ते सांगतात. पहिल्या कथेत देह पालटतो, दुसऱ्या समजुतीत आत्मा स्वार होतो. दोहोंतही जाणे सोपे आहे. अवघड आहे ते परतणे.

ही परतीची वाट महाराष्ट्राने विधीत बांधून ठेवली. जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये हे मूळचे वाघ असून देवाच्या दर्शनाने त्यांना मनुष्यरूप लाभले, अशी कथा आहे. विधीप्रसंगी वाघ्या कुत्र्यासारखा भुंकतो, जमिनीवरच्या कोटंब्यातून खातो, आणि विधी संपताच पुन्हा गावचा माणूस होतो. 1692 मध्ये लिव्होनियातील न्यायालयात वृद्ध थीसने आपण वृकमानव, म्हणजे ‘ईश्वराचे श्वान’ असून पळवलेले धान्य नरकातून परत आणतो, असे सांगितले. कार्लो गिन्झबुर्ग यांनी या खटल्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. थीस आणि वाघ्या, दोघेही देवाचे कुत्रे. परंतु थीसला फटके आणि हद्दपारी मिळाली, वाघ्याला वारी मिळाली. अर्थात, ही व्यवस्थाही निर्दोष नव्हती. नवसाने वाहिलेल्या मुलामुलींना, विशेषतः मुरळीला, तिची किंमत मोजावी लागली. 1934 च्या मुंबईच्या देवदासी संरक्षण कायद्यामागे असेच अनुभव होते.

दिल्लीच्या प्राण्याकडे बटणे होती. म्हणजे मुळीचे काम यंत्राने घेतले. पण दुसरी मुळी हाती धरून उभे राहणारे कोणीच नव्हते. ना विधी, ना देव, ना गाव. ठिकठिकाणांहून आलेली, एकमेकांना अनोळखी असलेली माणसे अंधारात जागी होती. परिणामी, भयाने स्वतःच देह शोधला. घाबरून गच्चीवरून व जिन्यावरून पडून माणसे दगावली, आणि एका ठेंगण्या साधूला जमावाने प्राणी समजून मारहाण केल्याच्या वार्ताही आल्या. परटाच्या कथेत वाघ झालेला माणूस मारला जातो; दिल्लीत, कोणीही रूप पालटले नसताना, माणसालाच पशू ठरवले गेले. रूपांतराच्या कथांचा तौलनिक अभ्यास देह कसा पालटतो एवढ्यावर थांबू शकत नाही. परतीची मुळी समाजाने कोणाच्या हाती दिली होती, आणि ती केव्हा हरवली, हा त्याचा खरा विषय होय.