विक्रम कोणाचे?

बेब रूथ आजच्या पिचरांपुढे टिकला असता काय, हा प्रश्न अमेरिकेतील बेसबॉलचे शौकीन पिढ्यानपिढ्या चघळत आले आहेत. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. रूथने १९१४ ते १९३५ या काळात ७१४ होमरन काढले. पण ज्या लीगमध्ये ते काढले, तिचे दरवाजे काळ्या खेळाडूंना बंद होते. तसा लेखी नियम नव्हता. गोऱ्या मालकांचा आपसांतला अलिखित करार पुरेसा होता. म्हणजे रूथची कसोटी त्याच्या स्वतःच्या काळातही पुरती झालेली नाही.

जॉश गिब्सन निग्रो लीगमध्ये खेळला आणि जानेवारी १९४७ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी वारला. तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. सॅचेल पेज या पिचरला १९४८ साली क्लीव्हलंडने घेतले तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. त्या मोसमात त्याच्या नावावर ६ विजय आणि १ पराभव आहे. पंचविशीत त्याने काय केले असते?

२०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे अधिकृत विक्रमांत धरले गेले. गिब्सनची ०.३७२ ही सरासरी टाय कॉबच्या ०.३६७ च्या वर गेली. नोंद सुधारली, न झालेले सामने मात्र कोणालाच खेळवता येणार नाहीत. तेव्हा दोन काळांतील खेळाडूंची तुलना करण्याआधी एवढे विचारावे : त्या काळी मैदानाबाहेर कोणाला ठेवले होते?